रविवारी सांगतो

दुपारचं जेवण झाल्यावर हुपरीकर आडवे होतात ते झोपायला म्हणून नव्हे. चार पानं शेवटची एकदा वाचायची, ठेवायची की काढायची ते ठरवायचं आणि साडेपाचच्या आत सगळा गठ्ठा तांबोळी बाइंडरांकडे पोचवायचा, एवढंच त्यांच्या मनात असतं. गठ्ठा टेबलावर आहे. एकसष्ट ते चौसष्ट ही पानं त्यांच्या हातात आहेत. पंखा मंद फिरतोय. आतल्या खोलीत इंदुमतीबाई भजनाच्या वहीत काहीतरी उतरवून घेताहेत आणि अधूनमधून एखादी ओळ गुणगुणून बघताहेत.

छत्तीस वर्षं कॉलेजचे ग्रंथपाल म्हणून काढल्यावर, निवृत्तीला सात वर्षं होऊन गेल्यावर, अडुसष्टाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर ह्या माणसाने पत्रकारितेच्या एम.ए.ला नाव घातलं. का घातलं, हे त्यांना स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं जपलं, दोन ओळी आपल्याही असाव्यात, असं काहीतरी असेल. बायकोला त्यांनी महिनाभर सांगितलंच नव्हतं. ओळखपत्रासाठी फोटो काढून आणले तेव्हा ती म्हणाली, "आता या वयात बातम्या आणणार? आधी शेजारच्या घरातली एक आणून दाखवा. तीन वर्षं झाली, त्यांच्या सुनेचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?" नव्हतं माहीत.

वर्गात ते मागच्या बाकावर बसत. कॅमेऱ्यासमोर बातमी वाचायच्या तासाला ते इतक्या हळू वाचत, की तंत्रज्ञाने तीनदा उठून माईक तपासला होता. पोरंपोरी हसली, पण दुष्टपणे नाही. लेखी पेपर मात्र चांगले गेले. राहता राहिला तो लघुशोधप्रबंध. विषय ठरला: तालुक्याच्या जुन्या वार्ताहरांची कामाची रीत. मार्गदर्शक चौगुले मॅडम. वय छत्तीस. एके काळी त्या ह्यांच्याच ग्रंथालयात पुस्तकं बदलायला येत. त्या ह्यांना 'सर' म्हणतात, हे त्यांना 'मॅडम' म्हणतात, आणि दोघंही थोडे अवघडतात.

त्या प्रबंधासाठीच त्यांना बाळगोंडा मगदूम भेटले. सगळा तालुका त्यांना आण्णा म्हणायचा. चाळीस वर्षं त्यांनी एका जिल्हा दैनिकाला बातम्या पुरवल्या. फोन धड लागत नसे त्या काळात आण्णा बातमी हाताने लिहायचे, पाकिटात घालायचे आणि साडेचारच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. जिल्ह्याच्या स्टँडवर दैनिकाचा शिपाई पाकीट उतरवून घ्यायचा, आणि सकाळी ते छापून आलेलं असायचं. हुपरीकर तीन वेळा त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या वेळी आण्णांनी ती एक गोष्ट सांगितली.

चौतीस वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेच्या मागच्या भिंतीला पोट आलं होतं. तिथल्या मास्तरांनी येऊन सांगितलं, आण्णांनी जाऊन बघितलं आणि बारा ओळी लिहिल्या. पाकीट घेऊन स्टँडवर गेले. गाडी उभी होती. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला. आणि आण्णांनी पाकीट दिलं नाही. ती शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाच्या मुलाशी त्यांच्या मुलीचा, कुसुमचा साखरपुडा शुक्रवारी होता. तेवढा शुक्रवार पार पडू दे, मग देऊ, असं त्यांच्या मनात आलं. साखरपुडा झाला. मग पाहुणे आले, मग आणखी काहीतरी निघालं. नवव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, भिंत पडली. तिच्या सावलीला डबा खात बसलेली तिसरीतली एक मुलगी गेली. तिचं नाव शालन. त्या दिवशीची बातमी आण्णांनी साडेचारच्या गाडीने पाठवली. ती पहिल्या पानावर आली, त्यांच्या नावासकट.

"तिची आई अजून मला चहा पाजती," आण्णा म्हणाले होते. "तिला वाटतंय, आण्णांनी माझ्या पोरीची बातमी मोठी केली."

तिथे त्यांना रडू फुटलं, आणि हुपरीकरांनी, संकोचाने, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. पत्रकारितेचा विद्यार्थी असं करत नाही. ते करून बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आण्णा, हे लिहू का?" आण्णांनी बाहेर बघितलं. मग म्हणाले, "कुसुम त्याच घरात नांदती. विचार करतो. रविवारी या. रविवारी सांगतो."

गुरुवारी आण्णा गेले.

रविवारी हुपरीकर तरीही गेले. बायाबापड्यांनी घर भरलं होतं. कुसुमताईंनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "आण्णा म्हणत होते, सर यायचेत रविवारी." हुपरीकरांनी चहा घेतला, कप ठेवायला जागा सापडेना म्हणून तो हातातच धरून बसले आणि उठून आले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी प्रकरण वाचलं. म्हणाल्या, "सर, बाकी सगळे संदर्भ आहेत. ही चार पानंच तुमची आहेत. त्यांची परवानगी आहे ना?" हुपरीकर म्हणाले, "विचारतो." माणूस गेला आहे, हे त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

पानावरच्या ओळी आता एकमेकींत सरकायला लागल्या आहेत. हुपरीकर चष्मा कपाळावर घेतात. डोळे नुसते मिटून घेऊ, पाच मिनिटं. पंख्याची घरघर जरा जड होते, उभ्या गाडीच्या इंजिनासारखी. आतलं गुणगुणणं लांब जातं.

"पुस्तक मिळंल काय?"

काउंटरच्या पलीकडे आण्णा उभे आहेत. डोक्याला पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. ग्रंथालयात दिवे लागलेले नाहीत तरी सगळं दिसतं आहे. हुपरीकर काउंटरच्या अलीकडे आपल्या जुन्या खुर्चीवर आहेत आणि त्यांना ह्याचं काहीच नवल वाटत नाही.

"कुठलं पुस्तक, आण्णा?"

"तुमचंच की. काळ्या पुठ्ठ्याचं, वर सोनेरी अक्षरं."

"ते अजून बांधून झालेलं नाही."

"मग थांबतो. मला आता कुठं जायाचंय?"

आण्णा वाचकांच्या बाकावर बसतात. हुपरीकरांच्या मनात येतं, आता विचारावं. इतकं सोपं आहे. माणूस समोर बसला आहे. पण समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, त्यांनीच कधीतरी स्वतःच्या अक्षरात रंगवून घेतलेली, आणि ती बघितल्यावर शब्द गळ्यातच बसतो.

आण्णा त्यांच्याकडे बघून हसतात. "तुमचीच पाटी आणि तुम्हीच भ्या."

"आण्णा, मला एक..."

"बोला की."

कपाटं बाजूला सरकलेली आहेत. त्यांच्या जागी बाकं आहेत आणि बाकांवर ती सगळी मुलं, हुपरीकरांच्या वर्गातली. आण्णा त्यांच्याच शेजारी, मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसले आहेत. फळ्यापाशी चौगुले मॅडम हजेरी घेताहेत.

"मगदूम."

"हजर," आण्णा म्हणतात. खणखणीत.

"हुपरीकर."

हुपरीकर तोंड उघडतात. आवाज येत नाही. ते हात वर करायला जातात, हात बाकाला चिकटल्यासारखा.

"हुपरीकर?" मॅडम वहीवरून नजर वर करत नाहीत. "नाहीत वाटतं आज." त्या पुढचं नाव घेतात.

"अहो, मी आहे," हुपरीकर म्हणतात, पण ते फक्त आण्णांना ऐकू जातं.

"असू दे," आण्णा म्हणतात. "मी तर हितं नाहीच, तरी लागली माझी हजेरी. चालायचंच."

मॅडम आता शिकवताहेत. विषय नीतिमूल्यांचा. खडूने त्या फळ्यावर एक प्रश्न लिहितात: माहिती देणारी व्यक्ती हयात नसेल तर काय करावे? सगळी मुलं खाली माना घालून लिहू लागतात. हुपरीकरांच्या वहीचं पान कोरं आहे. आण्णा पुढे वाकून फळा वाचतात.

"हयात नसेल म्हणजे कुणाबद्दल चाललंय?" ते हळूच विचारतात.

हुपरीकर वहीच्या कोऱ्या पानाकडे बघतात.

"माझ्याबद्दल होय?" आण्णा टोपी सारखी करतात. "बरं. उत्तर काय लिहिताय?"

"तेच तर मला तुम्हाला विचारायचंय."

"परीक्षेत शेजाऱ्याला विचारायचं नसतंय, हुपरीकर. एवढं शिकलाय आणि हे ठाऊक नाही?" पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून हसते. आण्णा उठतात. "चला बाहेर. हितं उकडतंय."

वर्गाच्या दारातून ते बाहेर पडतात ते थेट स्टँडवर. तालुक्याचा स्टँड, फार पूर्वीचा. पत्र्याची शेड, सिमेंटची बाकडी, कुणीतरी टाकलेल्या उसाच्या चोयट्या. साडेचारची गाडी लागली आहे. इंजिन चालू आहे, आणि त्या थरथरीने शेडचा पत्रा बारीक वाजतो आहे. आण्णा बाकड्यावर बसतात, पिशवीतून पॅड काढतात आणि मांडीवर ठेवून लिहायला लागतात. हुपरीकर मोजतात. बारा ओळी. आण्णा कागदाची घडी घालतात, पाकिटात सरकवतात, पाकिटाची कड जिभेवरून फिरवतात आणि चिकटवतात.

मग ते पाकीट हुपरीकरांच्या हातात देतात.

"तुम्ही द्या."

"मी?"

"मला एकदा जमलं नाही. तुम्ही बघा जमतंय का. सोपं आहे. हात वर करायचा आणि त्याच्या हातात ठेवायचं."

खिडकीतून ड्रायव्हरचा हात बाहेर आला आहे. मनगटावर घड्याळ, तळवा उघडा. घाई नाही त्या हाताला. नुसता थांबला आहे. हुपरीकर पुढे होतात. सहा पावलं आहेत. सहाही पावलं नीट पडतात, आणि त्यांना वाटतं, आता होतंय, खरंच होतंय.

"पावणं, चहा घ्या."

ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत एक बाई बसली आहे. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. तिने खिडकीतून कपबशी पुढे धरली आहे. हुपरीकरांनी तिला कधी बघितलेलं नाही, तरी ती कोण ते त्यांना कळतं. शालनची आई.

"घ्या की. निवंल."

नको कसं म्हणायचं? ते डाव्या हाताने कप घेतात. बशी राहते, म्हणून उजवाही हात पुढे करावा लागतो. पाकीट बोटांत आणि बोटांवर बशी. आता दोन्ही हात भरले आहेत. चहा काठोकाठ आहे. जरा हललं तर सांडेल, आणि ती बघते आहे.

"गोड झालाय काय?" ती विचारते.

"छान झालाय," हुपरीकर म्हणतात. त्यांनी अजून घोटही घेतलेला नाही.

"आण्णांचे पावणं म्हणून जरा जास्त घातली साखर. लई चांगला माणूस. माझ्या शालनची बातमी पार पहिल्या पानावर छापून आणली. एवढ्या लहान जिवाची कोण छापतंय?"

ड्रायव्हरचा हात अजून तिथेच आहे. "काय द्यायचंय का मास्तर?" तो आतून विचारतो.

हुपरीकरांना सांगायचं आहे, हो, थांबा, एवढा कप कुठे तरी ठेवतो. ते वळून बघतात. बाकडं लांब गेलेलं आहे. जमिनीवर ठेवावा तर वाकावं लागेल. वाकलं तर सांडेल. कुणाला धरायला सांगावं तर आण्णा हात मागे बांधून उभे आहेत, परक्याचं भांडण बघतात तसे, लक्ष देऊन पण मध्ये न पडता.

हात आत जातो. गाडी हलते. खिडकीतली बाई वळून वळून बघत राहते, आपली कपबशी राहिली म्हणून की काय कोण जाणे. मग धूळ, मग तीही नाही.

हुपरीकर कप धरून उभे आहेत. चहावर साय आली आहे.

"नाही जमलं," ते म्हणतात.

"बघितलं मी."

"हात रिकामे नव्हते, आण्णा."

"माझे पण नव्हते," आण्णा म्हणतात. त्यांच्या आवाजात टोमणा नाही. "बसा. उभं राहून काय होणार आता?"

दोघं बसतात. स्टँडवर आणखी कुणी नाही. हुपरीकर कप शेवटी बाकड्यावर ठेवतात. आता जागाच जागा आहे. आणि मग ज्याच्यासाठी ते एवढे हिंडले, तो प्रश्न त्यांच्या तोंडून अगदी सहज बाहेर पडतो.

"आण्णा, लिहू की नको?"

"आज वार काय?"

"मंगळवार."

"मग? मी रविवारी सांगतो म्हटलं होतं."

"रविवार होऊन गेला, आण्णा. मी आलो होतो. तुम्ही गुरुवारीच..."

"व्हय." आण्णा मान हलवतात. "तेवढं राहिलं."

"निदान आता सांगा. साडेपाचच्या आत मला द्यायचंय. काहीही सांगा. नको म्हणालात तर काढतो, कुणाला कळणारही नाही. हो म्हणालात तर कुसुमताईंच्या पाया पडायला मी स्वतः जाईन."

आण्णा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात.

"तुम्हाला वाटतंय, मला ठाऊक होतं आणि सांगायचं राहून गेलं," ते म्हणतात. "तसं काय नव्हतं. मला तवा सुचंना म्हणून मी चार दिवस मागून घेतले. चौतीस वर्षं असंच केलं. सोमवारी म्हणायचं गुरुवारी बघू, गुरुवारी म्हणायचं रविवारी बघू."

"आणि रविवारी मी आलो असतो तर?"

"चहा पाजला असता. आणि मग म्हटलं असतं, हुपरीकर, तुम्ही शिकलेला माणूस. तुम्हीच काय ते ठरवा."

"मला ठरवता येत नाही, आण्णा." हुपरीकरांना आपला आवाज लहान मुलासारखा ऐकू येतो. "मला कधीच येत नव्हतं. म्हणून तर मी पुस्तकं सांभाळली."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला सांगितलं," आण्णा म्हणतात. "ज्याला ठरवता येतंय त्याला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी छापून आलं असतं."

हुपरीकर त्यांच्याकडे बघत राहतात. हे उत्तर आहे का? हे हो आहे की नाही आहे? ते आण्णांचा हात धरायला जातात, निदान तेवढं तरी. पण उजव्या मुठीत पाकीट आहे आणि मूठ उघडत नाही. ते डाव्या हाताने एकेक बोट सोडवू बघतात. बोटं दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी घट्ट आहेत. कुठेतरी घंटा वाजते, आणि आण्णा उठून पिशवी काखेत मारतात.

"थांबा, आण्णा."

"माझं नाही, तुमचं वाजतंय," आण्णा म्हणतात.

उशीशेजारी मोबाईल वाजतो आहे. हुपरीकर डाव्या हाताने तो चाचपतात. खोलीतलं ऊन पायावरून भिंतीवर गेलं आहे. आतल्या खोलीत कुणी गुणगुणत नाही. टेबल रिकामं आहे.

"उठलात का?" फोनवर इंदुमतीबाई. मागे रस्त्याचा आवाज. "मी तांबोळींच्या दुकानात आहे. भजनाला निघाले होते, म्हटलं वाटेवरच आहे, तुमचं ओझं टाकून जावं. दोनदा हलवलं तुम्हाला. तुम्ही 'हजर' म्हणालात आणि कूस बदललीत."

हुपरीकर उठून बसू बघतात. उजवा हात छातीखाली दबला होता, तो मुंग्यांनी भरला आहे. ते तो हळूहळू बाहेर ओढतात. मुठीत चार पानं आहेत, चुरगळून, घामाने मऊ झालेली.

"अहो, ऐकताय ना? तांबोळी विचारताहेत, शिवायला घेऊ का? साठनंतर एकदम पासष्ट नंबर आहे म्हणतात. मधली कुठं राहिली का बघा म्हणाले. असतील तर मी थांबते, तुम्ही घेऊन या. रिक्षाने दहा मिनिटं."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी आहेत. चपला दाराशी आहेत. दहा मिनिटं, खरोखरच दहा मिनिटं. हुपरीकर पाय खाली सोडतात. फरशी गार लागते. त्यांना कुसुमताईंचा चेहरा दिसतो, मग पदराखालचं ते मोकळं कपाळ, आणि कोणत्या बाजूला आधी बघावं ते त्यांना कळत नाही.

"काय सांगू त्यांना?"

"तसंच आहे ते," हुपरीकर म्हणतात.

"तसंच? साठनंतर पासष्ट?"

"हो."

"नंबर तरी बदलून द्यायचे होते. कुणीही उघडलं की दिसेल."

"दिसू दे."

पलीकडे ती तांबोळींना काहीतरी सांगते. यंत्राचा दांडा खाली आल्याचा आवाज येतो. "घेतलं त्यांनी," ती म्हणते. "येते मी सात वाजेपर्यंत. चहा करून घ्या, दूध वर काढून ठेवलंय." फोन बंद होतो.

हुपरीकर तसेच काठावर बसून राहतात. मग डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट सरळ करतात. ह्या वेळी ती सुटतात. पानं मांडीवर पडतात. वरच्या पानाची शाई घामाने फुटून पसरली आहे, अर्ध्या ओळी वाचताही येत नाहीत. आणि त्यांच्या तळव्यावर, अंगठ्याच्या उंचवट्यापाशी, काळी, उलटी, पण एक रेघही न पुसलेली तीन अक्षरं उमटली आहेत. ती वाचायला त्यांना आरसा लागत नाही. शालन.

सात वाजता बेल वाजते तेव्हाही ते तिथेच बसलेले असतात. चहा केलेला नाही, दिवा लावलेला नाही. ते उठतात, उजवा तळवा कशालाही लागू न देता वर धरतात आणि डाव्या हाताने कडी काढतात.